क्रिकेटचे पॅड बांधून बेसबॉलला उतरलेला कॅचर

यष्टीमागचा | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त गेली चार वर्षं ओहायोतल्या टोलेडोत आहे. इथं येण्याआधी बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा वाया गेलेला चुलतभाऊ, एवढंच माझं मत होतं. मी स्वतः शाळेपासून कायम विकेटकीपर. म्हणजे ज्याला बोलिंग जमत नाही आणि ज्याची बॅटिंग आठव्या नंबरपर्यंत येत नाही, त्याच्या गळ्यात जे काम मारतात ते. उजव्या हाताची करंगळी त्या दिवसांपासून वाकडी आहे. त्यामुळे इथं सामना बघायला गेलो की नजर आपोआप कॅचरकडे जाते. बॅटरच्या मागं उकिडवा बसलेला, तोंडावर जाळी, छातीवर गादी, गुडघ्यापासून पावलापर्यंत कवच. हा सगळा जामानिमा आला कधी, हे शोधत निघालो आणि शोध संपला तो आमच्याच गावच्या कब्रस्तानात.

त्याचं नाव रॉजर ब्रेस्नहन. जन्म टोलेडोत, ११ जून १८७९. आईबाप आयर्लंडमधल्या ट्रालीहून आलेले. पुढं तो गाजल्यावर वर्तमानपत्रांनी त्याला 'ड्यूक ऑफ ट्राली' करून टाकलं, जन्मही तिकडचाच म्हणून छापला. यानंही कधी 'नाही हो, मी टोलेडोचा' असं सांगून लोकांची मजा घालवली नाही.

१८९७ साली, अठरा वर्षांचा असताना, तो वॉशिंग्टनच्या संघातून पहिल्यांदा उतरला तो चक्क पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून. सेंट लुईसला एकही रन दिली नाही. त्या मोसमात चार सामने जिंकला, हरला शून्य. पुढच्या वर्षी पगारावरून वाजलं आणि संघानं नारळ दिला. मग टोलेडो, मिनियापोलिस, शिकागोत नावापुरता, असं करत १९०१ मध्ये बाल्टिमोरला पोचला. तिथं मॅनेजर होता जॉन मॅग्रॉ. बुटका, भांडकुदळ, जिंकण्यासाठी काहीही करायला तयार. ब्रेस्नहनचाही पारा कायम चढलेला, अंपायरशी हुज्जत घालून मैदानाबाहेर जाणं नित्याचं. दोघांचं जमलं नसतं तरच नवल. हा गडी कॅचर झाला तो मॅग्रॉच्या हाताखाली. १९०२ च्या जुलैत मॅग्रॉ न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला तेव्हा सोबत जे मोहरे उचलून नेले, त्यांत हा होता.

कॅचर म्हटलं की जाडजूड, संथ माणूस डोळ्यांसमोर येतो. हा अंगानं भक्कम होता खरा, पण पळायचा. १९०३ मध्ये बहुतेक वेळ सेंटर फिल्डला खेळून त्यानं ०.३५० ची सरासरी काढली (बेसबॉलमध्ये दहांतले सात डाव वाया घालवणाराही उत्तम बॅटर असतो, म्हणजे कल्पना करा). पूर्ण कारकिर्दीत २१२ बेस चोरले (म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा थांबा गाठला). मॅग्रॉ त्याला सलामीला पाठवायचा. कॅचर आणि सलामीला! आणि आयुष्यात कधी ना कधी तो मैदानावरच्या नऊच्या नऊ जागी खेळला.

१९०५ ची वर्ल्ड सिरीज (मोसमाअखेरची अजिंक्यपदाची मालिका) अमेरिकन माणूस आजही काढतो ती जायंट्सचा पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन याच्यासाठी. ९, १२ आणि १४ ऑक्टोबर, सहा दिवसांत तीन पूर्ण सामने, आणि फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सला तिन्हींत एकही रन नाही. पाचही सामन्यांत कुणा ना कुणाला भोपळा मिळाला आणि जायंट्स ४-१ नं जिंकले. मॅथ्यूसनच्या त्या सत्तावीस इनिंग्जमध्ये समोर उकिडवा बसून बोटांनी खुणा करणारा होता ब्रेस्नहन. वर ०.३१३ ची बॅटिंग. पण कीपरचं नाव कोण लक्षात ठेवतो, हे मला कुणी सांगायला नको.

आता मुद्द्याचं. आपल्या कीपरपुढं चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो. वेगवान गोलंदाज असेल तर आपण दहा-पंधरा यार्ड मागं जातो. कॅचरला ती मुभा नाही. बॅटची कड लागलेला चेंडू, दिशा बदलून, वेग तसाच ठेवून, हातभर अंतरावरून नडगीवर येतो. त्यात होम प्लेटवर (बॅटरजवळच्या शेवटच्या थांब्यावर) घसरत येणारा रनर, त्याच्या बुटाला खिळे. मास्क १८७७ च्या सुमाराला हार्वर्डच्या पोरांनी आणला होता, छातीची गादी १८८० च्या दशकात आली. नडग्या मात्र उघड्या.

११ एप्रिल १९०७, मोसमाचा पहिला दिवस, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. आदल्या रात्रीचा बर्फ बाजूला ढकलून कडेला ढीग घातलेले. समोर फिलाडेल्फियाचे फिलीज. आणि ब्रेस्नहन दोन्ही पायांना क्रिकेटच्या पॅडवरून बेतलेली ढोबळी कवचं बांधून बाहेर आला. लोकांनी यथेच्छ हुर्यो उडवली. पुढं सामन्याचाच विचका झाला: जायंट्स मागं पडलेले, प्रेक्षक कंटाळले, बर्फाचे गोळे करून मैदानावर मारायला लागले. बंदोबस्ताला पोलीस नव्हते. अंपायर बिल क्लेमनं सामना फिलीजना बहाल करून टाकला.

दुसऱ्या दिवशी चर्चा पॅडची की बर्फाची, हे तुम्हीच ठरवा. पण टिंगल होणार हे ठाऊक असताना तो बाहेर आला, आणि पुढच्या सामन्यालाही पॅड काढले नाहीत, याचं मला जास्त कौतुक वाटतं. चेंडू लागून सुजलेली नडगी मिरवणं सोपं असतं. ड्रेसिंग रूममध्ये चार जण हसत असताना पट्टे आवळणं नाही.

त्याच वर्षी १८ जूनला सिनसिनाटीच्या अँडी कोकलीचा चेंडू त्याच्या डोक्यावर बसला. हाच कोकली १९०५ च्या सिरीजमध्ये जायंट्सकडून ९-० असा धुतला गेला होता. ब्रेस्नहन बेशुद्ध. पाद्री बोलावून शेवटचे विधीही उरकले. गडी वाचला, महिनाभरानं परत खेळायला आला, आणि बॅटिंगसाठी डोक्याला हवा भरलेलं कातडी संरक्षक घालून बघितलं. ते मात्र टिकलं नाही.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, जेवायला हाका चालू आहेत.

---

वरणफळ | शनिवार, रात्री ११:०५

काय सुंदर लिहिलंयत! मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तरी एका दमात वाचलं.

एक बावळट शंका: मास्क १८७७ ला आला, तर नडग्या झाकायला आणखी तीस वर्षं का लागली? डोकं आहे तिथं पायही आहेतच की.

---

संशयखोर | शनिवार, रात्री ११:३१

लेख चांगला, पण 'पहिला' ठरवायची तुमची घाई दिसते. फिलीजचा रेड डूइन ब्रेस्नहनच्या आधीपासून मोज्यांच्या आत कागदाच्या लगद्याची कवचं घालत होता. म्हणजे ज्या संघासमोर हा वीर पॅड बांधून उतरला, त्याच संघाच्या कॅचरकडं ही युक्ती आधीच होती. मग श्रेय याला का?

---

तिसरी_घंटा | शनिवार, रात्री ११:४०

कागदाचा लगदा? आमच्याकडे त्याचे गणपती करतात हो.

---

यष्टीमागचा | रविवार, सकाळी ८:२०

@वरणफळ, शंका बावळट नाही, हीच तर गंमत आहे. पूर्वी कॅचर बराच मागं उभा राहून टप्प्यावर चेंडू घ्यायचा, गरज पडली तरच जवळ यायचा. १९०१ पासून नॅशनल लीगनं त्याला कायम बॅटच्या मागं जवळ उभं राहायला लावलं. म्हणजे मार खाण्याचे तास वाढले. हे एक कारण. दुसरं, मास्कचीही टिंगल झालीच होती, छातीच्या गादीचीही. प्रत्येक पिढीला आपल्या आधीची सोय रास्त वाटते आणि नंतरची बायकी.

@संशयखोर, मी लेखात 'पहिला' हा शब्द वापरलेला नाही, परत वाचून बघा. :) डूइनचं खरं आहे. पण मोज्याच्या आत लपवलं यातच सगळं आलं. त्याला नडगी वाचवायची होती आणि अब्रूही. ब्रेस्नहननं अब्रूचा नाद सोडला. बाकीच्यांनी बघितलं, आधी हसले आणि मग एकेक करून तेच घालायला लागले. मोज्यात लपवलेल्या वस्तूची नक्कल कोण करणार?

---

संशयखोर | रविवार, सकाळी ९:०२

परत वाचलं. शब्द नाही, सूर आहे. असो.

पण मग आणखी मागं जाऊ. १८८० च्या दशकात बड फाउलर आणि फ्रँक ग्रँट हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या छोट्या लीगमध्ये सेकंड बेसला खेळायचे. घसरत येणारे गोरे रनर मुद्दाम खिळ्यांचे बूट वर करून यायचे, म्हणून या दोघांनी पायांना लाकडी फळ्या बांधायला सुरुवात केली, अशी हकीकत त्या काळच्या खेळाडूंनीच सांगून ठेवली आहे. रनरनी मग बुटाचे खिळे घासून आणखी तीक्ष्ण केले म्हणे. १८८७ पासून तर कृष्णवर्णीयांना नवे करार द्यायचेच नाहीत असं ठरू लागलं, आणि दार पुढची साठ वर्षं बंद.

तुमच्या ड्यूकला हुर्यो मिळाली. यांना काय मिळालं ते बघा. फ्रँक ग्रँट हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) गेला २००६ मध्ये, फाउलर २०२२ मध्ये.

---

यष्टीमागचा | रविवार, सकाळी ९:४५

हे मूळ लेखात यायला हवं होतं. माझी चूक. कॅचरच्या मागं लागलो आणि सेकंड बेसकडं बघितलंच नाही. धन्यवाद, मनापासून.

---

जर्सीसिटीकर | रविवार, सकाळी ११:१५

मी इथं पंचवीस वर्षं बेसबॉल बघतोय, आमच्या घरी मुलगा यांकीज आणि मुलगी मेट्स, त्यामुळे मे ते सप्टेंबर जेवणाच्या टेबलावर शांतता नसते.

दोन गोष्टींची भर. एक, क्रिकेटचे पॅड न्यूयॉर्कच्या कॅचरला सुचले कुठून याचं आश्चर्य वाटायला नको. तेव्हा फिलाडेल्फियात क्रिकेट जोरात होतं. त्यांचा बार्ट किंग १९०८ च्या इंग्लंड दौऱ्यात तिथल्या सगळ्यांना मागं टाकून गोलंदाजीच्या सरासरीत अव्वल आला होता, ११.०१. म्हणजे पॅड दुकानात मिळत होते, क्लबांवर दिसत होते. प्रश्न फक्त उचलायचा होता.

दुसरी, पिट्सबर्गचा मॅनेजर फ्रेड क्लार्क. यानं त्याच मोसमात पॅडविरुद्ध रीतसर तक्रार केली, की घसरत येणाऱ्या रनरला त्यानं इजा होईल. खिळ्यांचे बूट घालून घसरणाऱ्यांच्या इजेची काळजी! लीगचा अध्यक्ष हॅरी पुलियम यानं ती फेटाळली. ती मान्य झाली असती तर कदाचित आणखी दहा वर्षं नडग्या फुटत राहिल्या असत्या.

@यष्टीमागचा, सेंट लुईसचा काळ लिहा ना. मला तोच भाग आवडतो.

---

बाकबंद | रविवार, दुपारी १:५०

अहो यष्टीमागचा, डोक्याला चेंडू लागल्याचं वाचून १९६२ चा बार्बाडोस आठवला. चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कवटीवर. फ्रँक वॉरेलनं रक्त दिलं होतं. आम्ही तेव्हा शाळेत, रेडिओला कान लावून बसायचो. माणूस वाचला, पण कसोटी परत खेळला नाही. त्यानंतरही किती वर्षं आपले फलंदाज उघड्या डोक्यानं खेळत होते!

बेसबॉलवाल्यांनी हेल्मेट कधी घेतलं मग?

---

जर्सीसिटीकर | रविवार, दुपारी २:३०

काका, वाचून चिडाल. १९२० मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन कार्ल मेझच्या चेंडूनं दगावला. मैदानावर लागला, दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. तरीही बॅटिंग हेल्मेट सक्तीचं झालं १९७१ मध्ये, आणि तेही फक्त नव्यानं येणाऱ्यांना. जुन्यांना सूट! ब्रेस्नहननं डोक्याला काहीतरी बांधून बघितलं ते १९०७ मध्ये.

---

वरणफळ | रविवार, दुपारी २:४४

चौसष्ट वर्षं!! आणि मी नवऱ्याला स्कूटरवर हेल्मेट घाल म्हणून आठ वर्षं सांगतेय तर कंटाळलेय.

---

यष्टीमागचा | रविवार, रात्री ९:३०

सेंट लुईस.

१९०८ मध्ये जायंट्सचा मोसम गेला तो फ्रेड मर्कलच्या चुकीनं. २३ सप्टेंबरला शिकागोविरुद्ध, जिंकलो असं समजून हा पोरगा सेकंड बेसला पाय न लावताच पळाला, जिंकलेला सामना बरोबरीत गेला, ८ ऑक्टोबरला परत खेळावा लागला आणि त्यात जायंट्स ४-२ हरले. ब्रेस्नहननं त्या वर्षी १३९ सामन्यांत कॅचिंग केलं होतं. आकडा परत एकदा वाचा. सहा महिन्यांत १३९ वेळा अडीच-अडीच तास उकिडवं बसणं. माझे गुडघे नुसतं लिहिताना कुरकुरले.

डिसेंबरात मॅग्रॉनं त्याला सेंट लुईस कार्डिनल्सला देऊन टाकलं, बदल्यात तीन खेळाडू घेतले. सेंट लुईसला त्याचं पद खेळाडू-मॅनेजर. संघ रद्दी होता. १९११ मध्ये त्यानं कसाबसा ७५-७४ पर्यंत आणला, आणि त्या संघाचे अलीकडचे आकडे बघता तो चमत्कारच होता.

त्याच वर्षी मालक स्टॅन्ली रॉबिसन वारला आणि संघ गेला पुतणीकडं, हेलेन ब्रिटनकडं. मेजर लीगमध्ये संघाची मालकीण झालेली ही पहिली बाई. पुरुषांना वाटलं विकून मोकळी होईल. ती विकेना. उलट ब्रेस्नहनला पाच वर्षांचा करार दिला. पुढच्याच मोसमात संघ घसरला, मालकिणीनं प्रश्न विचारले, आणि आमच्या ड्यूकनं एका बाईनं आपल्याला बेसबॉल शिकवायचा म्हणून तोंड सोडलं. तिनं १९१२ संपताच घरी पाठवला. कराराचे पैसे भांडून घेतले त्यानं, पण माझ्या मते बाईंचं चुकलं नाही. टिंगलीला न घाबरणारा माणूस दुसऱ्याची टिंगल करताना मागंपुढं बघत नव्हता, हेही लिहून ठेवायला पाहिजे.

आता एक प्रसंग. ११ जुलै १९११, पहाटे. कार्डिनल्स फेडरल एक्सप्रेसनं बोस्टनला निघालेले. संघाचा डबा इंजिनाजवळ होता, उकाडा आणि आवाजानं पोरांना झोप लागेना, म्हणून ब्रेस्नहननं तक्रार करून डबा गाडीच्या मागच्या बाजूला लावून घेतला. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टजवळ गाडी रुळांवरून घसरून बांधावरून खाली गेली. त्यांच्या डब्याच्या जागी पुढं जो डबा आला होता त्यात माणसं मेली. खेळाडूंना खरचटलंसुद्धा नाही. अंधारात तेच उतरून लोकांना बाहेर काढत होते.

यावर काय वाटावं हे मला अजून कळलेलं नाही.

---

वरणफळ | रविवार, रात्री ९:५२

अंगावर काटा.

---

संशयखोर | रविवार, रात्री १०:१०

बरं, आता शेवटची काडी टाकतो. कॅचर म्हणून खेळला ते हजाराच्याही आत, ९७४ सामने. सरासरी ०.२७९. होम रन २६. त्याच काळातला शिकागोचा जॉनी क्लिंग, मर्कलवाल्या मोसमात ज्याच्या संघानं तुमच्या जायंट्सना हरवलं, कॅचर म्हणून अनेकांच्या मते सरस. तो हॉल ऑफ फेममध्ये नाही. ब्रेस्नहन आहे. पॅडमुळे ना?

---

जर्सीसिटीकर | रविवार, रात्री १०:४०

होम रन मोजू नका हो, त्या काळचा चेंडूच मेलेला होता, फटका लांब जायचाच नाही. त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण बघा, ०.३८६. त्या काळच्या कॅचरला हे स्वप्नातही नव्हतं. पण क्लिंगवर अन्याय झाला हे मान्य.

आणि वेळेचाही भाग आहेच. ब्रेस्नहन वारला ४ डिसेंबर १९४४ ला. १९४५ मध्ये जुन्या खेळाडूंच्या समितीनं एकदम दहा जण घेतले, त्यात हा. नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगलेच निघतात.

गंमत म्हणजे त्या दहांत आणखी कोण होतं सांगा? फ्रेड क्लार्क. पॅडविरुद्ध तक्रार करणारा.

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री १०:४३

म्हणजे दोघं एकाच भिंतीवर! रात्री दिवे गेल्यावर भांडत असतील.

---

बाकबंद | सोमवार, सकाळी ७:१५

शेवटची वर्षं कशी गेली त्याची?

---

यष्टीमागचा | सोमवार, सकाळी ७:५८

काका, फार बरी नाही. शिकागो कब्जमध्ये १९१३ ते १९१५, शेवटचं वर्ष मॅनेजर. मग गावी येऊन १९१६ मध्ये टोलेडोचा छोट्या लीगमधला संघ विकत घेतला, काही वर्षं चालवला. पुढं मॅग्रॉनं जुन्या ओळखीला जागून जायंट्समध्ये कोच म्हणून घेतलं, नंतर डेट्रॉइटमध्येही. १९२९ च्या मंदीत पैसा गेला. इथल्या कैदी-कामगारांच्या तुरुंगात पहारेकरी होता काही काळ, मग बिअर कंपनीचा विक्रेता. १९४४ मध्ये काउंटीच्या निवडणुकीला उभा राहिला, थोडक्यात पडला, आणि महिन्याभरात हृदयविकारानं गेला. हॉल ऑफ फेमचं त्याला कळलंच नाही.

कॅचरच्या या सगळ्या साहित्याला इथं एक नाव आहे, 'अडाण्याची हत्यारं'. कारण शहाणा माणूस हे काम घेणारच नाही. हे नाव ज्याच्या नावावर सांगतात तो मडी रुएल कॅचर होता आणि शिकलेला वकीलही.

---

रानकवडा | सोमवार, दुपारी १२:३०

खेळातलं कळत नाही, पण टोलेडोचा संघ म्हणजे ते 'मड हेन्स'ना? अवांतर माफ करा, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मड हेन म्हणजे अमेरिकन कूट. आपल्याकडे तळ्यावर हिवाळ्यात काळे पक्षी दिसतात, कपाळावर पांढरा टिळा, त्याचा हा सख्खा चुलतभाऊ. आणि त्या पक्ष्याला मराठीत काय म्हणतात ठाऊक आहे?

वारकरी.

---

वरणफळ | सोमवार, दुपारी १२:३६

टोलेडोचे वारकरी!! धागा वसूल.

---

यष्टीमागचा | सोमवार, दुपारी १:१०

चार वर्षं त्यांच्या नावाची टोपी घालून फिरतोय आणि हे आज कळतंय!

१८९६ पासूनचं नाव आहे, तेव्हाचं मैदान दलदलीशेजारी होतं आणि तिथं हे पक्षी असायचे. ब्रेस्नहननं संघ घेतल्यावर त्याला हे नाव बहुतेक फारच मवाळ वाटलं असावं. त्याच्या कारकिर्दीत ते बदलून 'आयर्न मेन' झालं. लोखंडी पुरुष! तीन मोसम चाललं. १९१९ मध्ये परत मड हेन्स.